कबड्डीचा स्कोअरबोर्ड : लोण पडल्यावर दोन सेकंद पॅटर्न दाखवायचाय, पण चढाईचं घड्याळ अडकतंय

मैदानमाती

नमस्कार मंडळी, सांगली जिल्ह्यातनं लिहितोय. आमच्या गावच्या यात्रेला दरवर्षी कबड्डीच्या मॅचेस असतात आणि यंदा स्कोअरबोर्ड मी घरी बनवायला घेतलाय. कारण सांगतो. गेल्या वर्षी भाड्यानं आणलेल्या बोर्डाचं चढाईचं घड्याळ सेमीफायनलला मधेच थबकलं, एक बाजू म्हणते तीस सेकंद संपले होते, दुसरी म्हणते दोन शिल्लक होते, आणि त्या दोन सेकंदांवरून अर्धा तास मैदानात नुसता आरडाओरडा. ज्या पोराची चढाई होती तो माझ्या चुलतभावाच्या वर्गातला, वर्षभर पहाटे उठून सराव केलेला. ते डोक्यातनं जातच नाही.

तर बोर्ड असा आहे. सहा आकडे, डावीकडं दोन गुणांचे, मधे दोन चढाईच्या घड्याळाचे, उजवीकडं दोन गुणांचे. प्रत्येक काडी (सेगमेंट) १५ सेंटिमीटर, बारा व्होल्टची ३५२८ वाली पट्टी कापून चिकटवलीय, दर ५ सेंटिमीटरला तीन एलईडीचा एक तुकडा म्हणजे एका काडीत तीन तुकडे. मागं प्रत्येक आकड्याला एक टीपीआयसी ६ बी ५९५ चिप (सांगेल त्या काड्या पेटवणारी), सहाच्या सहा साखळीत, आणि त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा कंट्रोलर). टेबलावर बटणांची पेटी, वायर लांबवलीय.

आकडे झकास दिसतात, दुपारच्या उन्हात पण. गुण वाढतात, घड्याळ तिसावरनं शून्यावर येतं. आता मला हवंय असं की लोण पडला (म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला) की दोन सेकंद सगळ्या काड्या लुकलुकल्या पाहिजेत आणि मग परत गुण दिसले पाहिजेत. मी काय केलं तर लोणाचं बटण दाबलं की सगळं पेटव, डिले पाव सेकंद, सगळं विझव, डिले पाव सेकंद, असं चार वेळा, आणि मग जुने आकडे परत दाखव. अडचणी तीन :

एक, पॅटर्न चालू असताना पुढच्या चढाईचं बटण दाबलं तर लागतच नाही, घड्याळ तिथंच अडकतं.
दोन, कधीकधी पॅटर्न लागला की अख्खा बोर्ड विझतो आणि गुण ०० ०० होऊन परत येतो.
तीन, घाईत लोणाचं बटण दोनदा दाबलं गेलं की बोर्ड सगळा पेटलेलाच राहतो, आकडे परत येतच नाहीत.

यात्रेला अठरा दिवस राहिलेत. काहीही सांगा, सगळं उघडून ठेवलंय.

तांबडी_एलईडी

आधी अभिनंदन, उन्हात दिसणारा बोर्ड घरी बनवणं सोपं नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवते, दर बॅचला हीच चूक बघते त्यामुळं सविस्तर लिहिते.

पहिली अडचण डिलेची. डिले म्हणजे आर्डुइनोला सांगणं की तू डोळे मिटून उभा राहा. त्या वेळात बटण दाबलं काय, सोडलं काय, त्याला दिसत नाही, कारण बटण वाचणारी ओळ डिलेच्या पलीकडं अडकलीय. लोण पडला की लगेच पुढची चढाई सुरू होते म्हणजे नेमकं महत्त्वाचं बटण नेमक्या त्या दोन सेकंदांत येतं. भाड्याच्या त्या बोर्डात पण असंच काही असेल तर मला नवल वाटणार नाही.

तिसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती विचार करण्याच्या पद्धतीतली आहे. तुम्ही पॅटर्नच्या आधी "आत्ता बोर्डावर काय आहे" ते जपून ठेवताय आणि नंतर ते परत लावताय, बरोबर? दुसऱ्यांदा बटण दाबलं गेलं तेव्हा बोर्डावर काय होतं? पेटलेल्या काड्या. मग तेच जपलं गेलं आणि तेच परत लागलं. शिवाय समजा पॅटर्न चालू असताना गुण वाढला तर पॅटर्न संपल्यावर जुनाच गुण दिसणार.

म्हणून बोर्डावरचं चित्र कधीही जपायचं नाही. गुण हे गुण म्हणून व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या डब्यात) आहेतच की. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खालचा थर म्हणजे खरी परिस्थिती : डावे गुण, उजवे गुण, चढाई कधी सुरू झाली. वरचा थर म्हणजे पॅटर्न : कुठला, कधी सुरू झाला, किती वेळ. प्रत्येक फेरीत बोर्डाचं चित्र नव्यानं काढायचं. वरच्या थराची वेळ संपली नसेल तर वरचं, संपली असेल तर खालचं. "परत लावणं" नावाची पायरीच राहत नाही, पॅटर्नची वेळ संपली की खालचं आपोआप दिसतं, आणि ते नेहमी ताजंच असतं.

लूपमध्ये (प्रोग्रॅमचा सतत फिरत राहणारा भाग) साधारण असं, मिलिस() म्हणजे चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद :

आत्ता = मिलिस()
बटणं वाच (थांबू नको)
गुण आणि घड्याळ हिशोबात घे
चित्र[६] = गुण आणि घड्याळाच्या काड्या
जर (आत्ता − पॅटर्न_सुरू < पॅटर्न_किती) तर चित्रातल्या ठरलेल्या आकड्यांवर पॅटर्न लिही
चित्र चिपांना पाठव

बटण दाबलं की फक्त दोन व्हेरिएबल भरायची, पॅटर्न_सुरू आणि पॅटर्न_किती. बास. दहादा दाबलं तरी काही बिघडत नाही, फार तर पॅटर्न नव्यानं सुरू होईल.

बारा_व्होल्ट

दुसऱ्या अडचणीवर मी बोलतो, इचलकरंजीत दुकानांच्या पाट्या बनवतो, रोजचं काम आहे.

भाऊ अडॅप्टर किती अँपिअरचा लावलायस? ३५२८ पट्टी मीटरला साठ एलईडीची असेल तर तीन एलईडीचा तुकडा २० मिलिअँपिअर धर. तुझ्या काडीत तीन तुकडे, ६० मिलिअँपिअर. सहा आकडे गुणिले सात काड्या बेचाळीस. सगळ्या पेटल्या की ४२ × ६०, अडीच अँपिअरच्या वर.

मैदानमाती

दादा, २ अँपिअरचा आहे. १२ व्होल्ट २ अँपिअर. त्याच्यावरच आर्डुइनो पण.

बारा_व्होल्ट

मग सापडलं. बघ, २० – ३० – १८ असं दिसत असताना किती काड्या लागतात मोज : दोनाला पाच, शून्याला सहा, तीनाला पाच, परत शून्याला सहा, एकाला दोन, आठाला सात. एकतीस. म्हणजे १.८६ अँपिअर. तुझा अडॅप्टर तिथंच कडेला उभा आहे आणि लोण पडल्यावर तू त्याच्या डोक्यावर अजून अकरा काड्या ठेवतोस. तो स्वतःला वाचवायला बंद होतो, क्षणभरानं परत चालू होतो, तेवढ्यात आर्डुइनोचा वीजपुरवठा गेला म्हणजे तो पहिल्यापासून सुरू, गुण ०० ००. कधी होतं कधी नाही ते पण बरोबर आहे, अडॅप्टर तापलेला असला, वायर लांब असली की लवकर होतं.

करायचं काय तर ५ अँपिअरचा एसएमपीएस (अडॅप्टरसारखाच वीजपुरवठा) घे, आणि आर्डुइनोला वेगळी छोटी पाच व्होल्टची लाईन दे, पट्ट्यांच्या वायरवरनं नको. ग्राउंड मात्र दोघांची एकत्र जोड, ती सुटी राहिली की चिप काहीच्या बाही दाखवते. पट्ट्यांना जाणारी वायर जाड घे. आणि प्रत्येक चिपजवळ पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलायस का बघ, साखळी लांब आहे तुझी.

रजिस्टर_नववं

धागा आवडला म्हणून लिहितोय, माझं काम छोट्या डिस्प्लेवर आहे, ते चालवणाऱ्या मॅक्स ७२१९ चिपवर. त्याच्यात ही दोन थरांची गोष्ट चिपमध्येच थोडी बसवलेली आहे. पंधरा नंबरचं रजिस्टर (चिपमधला छोटा कप्पा) आहे डिस्प्ले टेस्ट, त्यात १ लिहिलं की सगळ्या काड्या पेटतात, आणि ० लिहिलं की आधीचे आकडे जसेच्या तसे परत, कारण आकड्यांच्या रजिस्टरला त्यानं हातच लावलेला नसतो. बारा नंबरचं शटडाउन पण तसंच, बोर्ड काळा होतो पण आतला डेटा शाबूत. नुसतं लुकलुकवायचं असेल तर आकडे परत पाठवायची गरजच नाही. फक्त टेस्टमध्ये ब्राइटनेस एकदम वरच्या टोकाला जातो, तुम्ही ठेवलेला नाही राहत.

तुमच्या चिपला हे नाही पण आउटपुट इनेबलची पिन आहे. ती वर केली की सगळी आउटपुटं बंद, डेटा आत तसाच. त्या एका पिनवर पीडब्ल्यूएम (फार वेगानं चालू-बंद) दिलं की ब्राइटनेस कमीजास्त. संध्याकाळच्या मॅचला उपयोगी पडेल.

मैदानमाती

हे माहीतच नव्हतं, सध्या ती पिन सगळ्या चिपांवर सरळ ग्राउंडला जोडलीय.

तांबडी_एलईडी

जोडणार असाल तर मधल्या दोन चिपांची पिन वेगळी ठेवा. लोण असो, काहीही असो, चढाईचं घड्याळ विझता कामा नये.

जुना_पंच

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. एकोणतीस वर्षं पंच म्हणून उभा राहिलोय, मातीवर पण आणि मॅटवर पण.

ताई म्हणाल्या ते शंभर टक्के. घड्याळ विझता कामा नये आणि थांबता कामा नये. तीस सेकंदांची चढाई आहे, चढाईपटू मान वर करून बघतो आणि त्या हिशोबानं परत फिरतो, शेवटच्या पाच सेकंदांत तर तो पायाकडं कमी आणि बोर्डाकडं जास्त बघतो. तिथं पॅटर्न आला तर त्याचा घात होईल.

दुसरं. लोण पडला की दोन जादा गुण मिळतात, आणि पब्लिक काय बघतं? गुण किती झाले ते. तुम्ही नेमके त्याच वेळी दोन सेकंद गुण झाकणार. स्कोअरर पण बघतो, त्याच्या कागदावरचे आणि बोर्डावरचे जुळले का म्हणून. माझं मत असं की पॅटर्न थोडका ठेवा आणि ज्या संघानं लोण दिला त्याच्याच बाजूला दाखवा. समोरच्याचे गुण कशाला हलवायचे?

मैदानमाती

काका हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पटलं एकदम.

बदल सांगतो. डिले सगळे काढले. ५ अँपिअरचा एसएमपीएस आणला, बोर्ड आता बंद पडत नाही. ताईंच्या पद्धतीनं दोन थर केले. पण आता एक वेगळंच विचित्र होतंय. बोर्ड चालू केल्या केल्या लोणाचं बटण दाबलं तर पॅटर्न दिसतो. चार-पाच वेळा दाबा, दर वेळी दिसतो. मग साधारण अर्ध्या मिनिटानं दाबलं तर दिसतच नाही. बोर्ड बंद करून चालू केला की परत दिसतो. गुण, घड्याळ बरोबर चालतंय. रात्री दीडपर्यंत बसलो, वायरी हलवून बघितल्या, बटण बदललं.

तांबडी_एलईडी

वायरींना हात लावू नका, त्या बिचाऱ्या निर्दोष आहेत. पॅटर्न_सुरू हे व्हेरिएबल कुठल्या प्रकारचं घेतलंय?

मैदानमाती

साधं इंट.

तांबडी_एलईडी

हेच. उनोवर इंट सोळा बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. मिलिस मिलिसेकंद मोजतो म्हणजे ३२.७ सेकंदांनंतरचा आकडा त्या डब्यात बसत नाही, वरचे बिट कापले जातात. समजा बोर्ड चालू होऊन शंभर सेकंद झाले, मिलिस म्हणतो १,००,०००. इंटमध्ये घातलं की त्याचं होतं उणे ३१,०७२. मग आत्ता वजा ते केलं की उत्तर १,३१,०७२, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला वाटतं की पॅटर्न सुरू होऊन दोन मिनिटं उलटून गेली, वेळ संपली, दाखवायची गरज नाही. बटण लागतंय, पॅटर्न सुरूही होतोय, आणि जन्मतःच संपतोय.

अनसाइन्ड लाँग (बत्तीस बिटांचा, उणे नसलेला) करा, पॅटर्न_सुरू, चढाई_सुरू, मिलिस ज्यात ज्यात ठेवताय ते सगळं. ते ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातं, म्हणजे ४९.७ दिवस. आणि तुलना नेहमी वजाबाकीनंच करा, आत्ता − सुरू < किती अशी. सुरू + किती > आत्ता असं लिहिलं तर पन्नासाव्या दिवशी मोजणी शून्यावर आली की चुकतं, वजाबाकीत ते नाही चुकत. तुमचा बोर्ड पन्नास दिवस चालू राहणार नाही, पण हाच कोड उद्या कुणी दुकानातल्या घड्याळाला लावेल.

मैदानमाती

झालं!!! ताई, झालं. फक्त एक शब्द बदलला. आत्ता पंधरा मिनिटं बोर्ड चालू ठेवून पन्नासेक वेळा दाबलं, एकदाही चुकलं नाही. आई विचारायला आली काय झालं म्हणून, इतक्या जोरात ओरडलो.

चौकोनी_वही

मधेच विचारतो, चालेल ना? मी बारावीत आहे, माझ्याकडं टीएम १६३७ चा चार आकड्यांचा मॉड्यूल आहे, दोनच वायरींवर चालतो. मला पॅटर्न कसे "काढायचे" तेच कळत नाही. नेटवरचे आकडे घेतले, ते माझ्याकडं बरोबर दिसतात, पण मित्राच्या मॅक्स ७२१९ वर तेच घातले तर शून्याच्या जागी डोकं उडालेला आठ येतो.

रजिस्टर_नववं

चौकोनी वही हेच उत्तर आहे बघ. वहीत आठ काढ. वरची आडवी काडी ए, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरत बी, सी, डी, ई, एफ, आणि मधली आडवी जी. आता तुझ्या टीएम १६३७ ला किंमती अशा : ए १, बी २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, जी ६४, आणि आठवा बिट १२८ टिंबाचा किंवा कोलनचा. जी काडी हवी तिची किंमत घे आणि बेरीज कर. शून्याला मधली सोडून सगळ्या, १+२+४+८+१६+३२ म्हणजे ६३. एकाला बी आणि सी, ६. नुसती उणे खूण म्हणजे ६४.

मॅक्स ७२१९ मध्ये क्रम उलटा आहे. तिथं ए ची किंमत ६४, बी ३२, अशी उतरत जी ची १. म्हणून तिथला शून्य १२६. तुझा ६३ तिथं गेला तर ए सोडून सगळ्या पेटतात, तोच तुझा डोकं उडालेला आठ. आणि त्याच्या नऊ नंबरच्या रजिस्टरमध्ये डिकोड चालू असेल तर तो स्वतःच आकडा बनवतो, तेव्हा काड्यांची बेरीज पाठवून उपयोग नाही, आधी डिकोड बंद करायचं.

चौकोनी_वही

कळलं!! मग देवनागरी अंक पण काढता येतील का? आजीला इंग्रजी आकडे पटकन वाचता येत नाहीत, तिच्यासाठी घड्याळ करायचंय.

रजिस्टर_नववं

मी प्रयत्न करून बघितलाय. ० होतो, ३ ओळखू येतो. पण ४ ला वर दोन तिरक्या रेघा लागतात, ८ तर अख्खा तिरकाच, आणि सात काड्यांमध्ये तिरकी रेघच नाही. ओढूनताणून काढलं तर आजींना ते इंग्रजीपेक्षा अवघड जाईल. आठ बाय आठ ठिपक्यांचा मॅट्रिक्स घे, मॅक्स ७२१९ च चालवतो त्याला, त्यात देवनागरी अंक सुरेख बसतात. वेगळा धागा काढ, मी माझे ठिपके देतो.

मैदानमाती

आता पॅटर्नबद्दल. सगळ्या काड्या पेटवणं मला आता नकोच वाटतंय. साप फिरतो तसं काहीतरी हवंय, दोन काड्या पेटलेल्या आणि त्या आकड्याच्या कडेनं गोल फिरतायत. त्यासाठी पाऊल मोजणारं आणखी एक व्हेरिएबल ठेवावं लागेल ना? आणि काका म्हणाले तसं गुण फार वेळ झाकायचे नाहीत.

तांबडी_एलईडी

पाऊल मोजू नका, वेळेवरनं काढा. किती मिलिसेकंद झाले ते तुमच्याकडं आहेच. त्याला ८० नं भागा, आणि उत्तराला सहानं भागून बाकी घ्या. बाकी ० ते ५ येते, तेच तुमचं पाऊल. एखादी फेरी उशिरा आली तरी साप योग्य जागीच दिसतो.

तुमच्या साखळीत ए ची किंमत १ आहे असं धरून पावलं : ३, ६, १२, २४, ४८, ३३. (३ म्हणजे ए आणि बी, ६ म्हणजे बी आणि सी, असं फिरत शेवटी ३३ म्हणजे एफ आणि ए.) डाव्या संघाला हाच क्रम उलटा चालवा, म्हणजे दोन्ही बाजू आरशासारख्या दिसतील.

काकांच्या मुद्द्यासाठी मी असं करीन. सहा पावलं गुणिले ८० म्हणजे एक फेरी ४८० मिलिसेकंदांची. दोन फेऱ्या, ९६०. तिथं साप संपला. पुढचे ९६० मिलिसेकंद नवे गुण लुकलुकवायचे, १६० दिसणार, १६० विझणार, तीन वेळा. म्हणजे एका सेकंदाच्या आत नवे गुण डोळ्यांपुढं, आणि लुकलुकत असल्यामुळं सगळ्यांचं लक्ष तिथंच.

जुना_पंच

हे मला मंजूर आहे. एका सेकंदानं काही बिघडत नाही, पंचाचा हात वर जायलाच तेवढा वेळ लागतो.

बारा_व्होल्ट

आणि करंटला पण सोन्यासारखं. दोन आकडे, प्रत्येकी दोन काड्या, २४० मिलिअँपिअर. आधी एका लोणाला सगळा बोर्ड मिळून अडीच अँपिअर ओढत होतास.

एक सांगायचं राहिलं. गुण उनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेव. जनरेटर बदलताना, कुणाचा पाय वायरीत अडकून लाईट गेली तर गुण परत यायला पाहिजेत. लाखभर वेळा लिहिता येतं एका जागी. पण फक्त गुण बदलला की लिही, प्रत्येक फेरीत लिहीत बसलास तर एका दुपारीच ती जागा बाद होईल.

मैदानमाती

केलं. काल रात्री प्लग काढून बघितला, १४–०९ होते, परत लावल्यावर १४–०९. फारच बरं वाटलं.

आता एक विचारतो. हाफचं घड्याळ पण (वीस मिनिटांचं) बसवावं का, चार आकडे वाढवून? मिलिसवर चालेल का?

तांबडी_एलईडी

चढाईला मिलिस पुरतं. वीस मिनिटांना नको. उनोवर क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे, अर्धा टक्का इकडंतिकडं होऊ शकतो. तीस सेकंदांत दीड दशांश सेकंद, चालून जातं. वीस मिनिटांत सहा सेकंदांपर्यंत, आणि तुमच्याकडं दोन सेकंदांवरून काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. डीएस ३२३१ चा घड्याळाचा मॉड्यूल लावा, तो वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतो, त्याची एक हर्ट्झची लाईन घेऊन सेकंद मोजा.

चढाईच्या घड्याळातही "दर सेकंदाला एक वजा" करू नका. उरलेले = ३०,००० − (आत्ता − चढाई_सुरू), असं दर वेळी सुरुवातीपासून काढा. आणि ते शून्याखाली जायच्या आधी अडवा, नाहीतर अनसाइन्ड असल्यामुळं अचानक प्रचंड आकडा येईल.

रजिस्टर_नववं

अजून एक बारीक. सहाच्या सहा बाइट पाठवून झाल्यावरच लॅच (आलेला डेटा आता दाखव असा इशारा) द्या, प्रत्येक बाइटला नको. नाहीतर एका आकड्याची सावली शेजारच्यावरनं सरकत गेल्यासारखी दिसते. आणि पहिला पाठवलेला बाइट साखळीच्या शेवटच्या चिपमध्ये जातो हे ध्यानात असू द्या. कुणी आर्डुइनोच्या जागी ईएसपी ३२ लावायला सांगेल तर सरळ जोडू नका, त्याची पिन ३.३ व्होल्टची आणि तुमच्या चिपला पाच व्होल्टवर चालताना "एक" म्हणून ४.२५ व्होल्ट लागतात. मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज वाढवून देणारा) हवा.

तांबडी_एलईडी

आणि तुम्ही मल्टिप्लेक्स (एकेक आकडा आळीपाळीनं पेटवणं) न करता प्रत्येक आकड्याला स्वतंत्र चिप दिलीत ते फार चांगलं केलंत. मॅचेस सगळे मोबाइलवर शूट करतात, मल्टिप्लेक्स केलेला बोर्ड व्हिडिओत अर्धवट दिसतो.

मैदानमाती

(सोळा दिवसांनी)

मंडळी, यात्रा झाली. दोन दिवसांत एकवीस मॅचेस. हाफचं घड्याळ यंदा नाही बसवलं, वेळ पुरला नाही, पंचांच्या हातातल्या घड्याळावरच चालवलं. बोर्ड मात्र दोन्ही दिवस सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत चालू होता.

पहिला लोण दुसऱ्याच मॅचला पडला. टेबलावर मी बसलो होतो, बटण दाबलं, डावीकडं साप दोनदा फिरला, नवे गुण लुकलुकायला लागले, आणि तेवढ्यात पंचांनी पुढच्या चढाईची शिट्टी दिली, मी लगेच चढाईचं बटण दाबलं आणि मधलं घड्याळ ३० वरनं २९ वर आलं, डावीकडं गुण लुकलुकतायत तेव्हाच. दोन्ही एकाच वेळी. मी लोकांकडं बघतच नव्हतो, तिथंच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जनरेटर एकदा गेला. परत आला तेव्हा गुण जागेवर होते, पण चालू चढाई गेली, ती पंचांनी परत घ्यायला लावली, कुणी तक्रार केली नाही. रात्रीच्या मॅचला आउटपुट इनेबलवरनं ब्राइटनेस निम्म्यावर आणला, डोळ्यांवर येत होता म्हणून.

एक गोष्ट मी माझ्या मनानं घातली. शेवटच्या पाच सेकंदांत चढाईच्या घड्याळाचं टिंब लुकलुकतं, आकडे स्थिर. काका, तुम्ही म्हणाला होता घड्याळावर पॅटर्न नको, म्हणून आकड्यांना हात नाही लावला, मोकळा पडलेला आठवा बिट वापरला. हे चालेल ना?

जुना_पंच

चालेल. पण टिंब खाली आहे, चढाईपटूची नजर आकड्याच्या वरच्या बाजूला जाते. पुढच्या वर्षी वर लावता आलं तर बघ. आणि मला यात्रेची तारीख आधी कळव, मी येतो.

मैदानमाती

काका नक्की कळवतो. आठवा बिट सुटाच आहे, पट्टी वर चिकटवली की झालं. आजच उतरवतो बोर्ड.